अधिक महिना नसलेलं वर्ष

मराठी पंचांगात अमावास्येनंतरच्या एका दिवसापुढे बारीक अक्षरांत 'चंद्रदर्शन' असं छापलेलं असतं. चतुर्थी नाहीतर एकादशी शोधणारी नजर तिथे सहसा थांबत नाही. पण त्याच संध्याकाळी, त्याच कोरीवर इस्लामी महिना सुरू होतो. पंचांगकर्त्याच्या लेखी शुक्ल पक्ष तोवर लागून गेलेला असतो, अमावास्येचा क्षण उलटला तेव्हाच. चंद्र दिसणं ही त्यानंतरची एक नोंद. इस्लामी गणनेत मात्र त्या नोंदीनेच महिना उघडतो. चंद्र माणसाच्या डोळ्यांना दिसला का, एवढंच तिथे विचारलं जातं.

दिवाळी थंडीच्या तोंडावर येते, गणपती पाऊस ओसरायला लागला की येतात. मग रमजान ईद कधी आंब्याच्या दिवसांत, कधी भर पावसात आणि कधी कडाक्याच्या थंडीत का येते? हिशेब सोपा आहे. बारा चांद्रमासांचे साधारण ३५४ दिवस होतात आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी जवळपास अकरा दिवसांची तूट पडते. आपण ती साठू देतो आणि सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून फेडतो. २०२३ साली श्रावण दोनदा आला तो यासाठीच. इस्लामी वर्षात अधिक महिना नाही, त्यामुळे तूट फिटतच नाही. रमजान मागे मागे सरकत सगळे ऋतू फिरतो आणि सुमारे ३३ वर्षांनी होता त्या जागी येतो. २०३० साली तो एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

हा अधिक महिना विसरून राहिलेला नाही. तो जाणीवपूर्वक काढून टाकला आहे, आणि तोही कुराणाच्या स्पष्ट शब्दांत. कोणी, कधी आणि का काढला हे पाहायला गेलं की इस्लामच्या उगमापाशी आपोआप पोचता येतं. या धर्माची ओळख करून देताना सहसा पाच स्तंभांची (श्रद्धेची ग्वाही, नमाज, रोजे, जकात, हज) यादी समोर ठेवतात. यादी बरोबरच असते, पण तिच्यातून या धर्माचा जीव कळत नाही. काळ मोजण्याच्या या रीतीतून तो जास्त कळतो, असं मला वाटतं.

इस्लामपूर्व अरबस्तानात महिन्यांची नावं ऋतूंची होती. रमजान या नावाच्या मुळाशी होरपळ, तापलेली जमीन असा अर्थ आहे. रबी म्हणजे वसंत, हिरवं गवत. म्हणजे ही नावं पडली तेव्हा ते महिने त्या त्या ऋतूत येत असणार. मक्का हे शेतीचं गाव नव्हतं. दोन डोंगरांमधली कोरडी खोरी, जमजमच्या विहिरीचं पाणी, काबा नावाचं चौकोनी देवघर आणि व्यापार, एवढ्यावर ते उभं होतं. कुरैश टोळीचे तांडे हिवाळ्यात येमेनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या दिशेने जात. या दोन सफरींचा उल्लेख कुराणातल्या एका छोट्या सूरेत, म्हणजे अध्यायातही आहे. काब्यात आणि त्याच्या भोवती अनेक टोळ्यांच्या मूर्ती होत्या. हुबल तिथला मोठा देव. लात, उज्जा आणि मनात या देवींची ठाणी मक्केबाहेर होती, पण त्यांना मान सगळीकडे होता.

वर्षातले चार महिने पवित्र मानले जात आणि त्यांत लढाई, लूट बंद असे. जुलकादा, जुलहिज्जा आणि मुहर्रम हे तीन ओळीने येत आणि रजब एकटा. यात्रा, बाजार आणि तांडे याच काळात निर्धास्तपणे चालत. पण लुटीवर जगणाऱ्या टोळ्यांना सलग तीन महिने हात आवरणं जड जाई. मग किनाना टोळीतला एक मानकरी हजच्या अखेरीस उभा राहून जाहीर करी की यंदा मुहर्रमचं पावित्र्य पुढच्या सफर महिन्यावर ढकललं आहे. या ढकलण्याला 'नसी' म्हणत. नसी म्हणजे नेमकं काय, यावर अभ्यासकांची दोन मतं आहेत. काहींच्या मते फक्त पावित्र्य पुढे सरकवलं जाई. इतरांच्या मते आपल्यासारखा सबंध अधिक महिनाच घातला जाई, म्हणजे हज व्यापाराच्या सोयीच्या हंगामात पडे. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. लढाई कधी हराम आणि कधी हलाल, हे एका घराण्याच्या तोंडून ठरत होतं. काळाची किल्ली त्यांच्या कमरेला होती.

याच मक्केत ५७० च्या सुमारास मुहम्मदांचा जन्म झाला. वडील अब्दुल्ला जन्माआधीच गेलेले, आई आमिना सहाव्या वर्षी गेली, आजोबा आठव्या वर्षी. पुढे चुलते अबू तालिब यांनी वाढवलं. तरुणपणी ते व्यापारी खदीजा यांचा माल घेऊन शामकडे गेले. व्यवहारातल्या सचोटीमुळे लोक त्यांना 'अल-अमीन', विश्वासू, म्हणत. पंचविसाव्या वर्षी खदीजांशी विवाह झाला. चाळिशीत ते मक्केबाहेरच्या नूर डोंगरावरच्या हिरा गुहेत एकांतात बसू लागले. ६१० च्या रमजानमधल्या एका रात्री तिथे जिब्रील या देवदूताकडून पहिला शब्द आला, 'इक्रा', म्हणजे वाच. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना आलेला हा पहिला आदेश. घाबरून, थरथरत ते घरी आले, तेव्हा धीर दिला तो खदीजांनी, आणि सर्वांत आधी विश्वास ठेवला तोही त्यांनीच.

तिथून सुमारे तेवीस वर्षं आयता, म्हणजे कुराणातली वचनं, येत राहिल्या. आज कुराणात ११४ सूरा आहेत, पण त्या उतरल्या त्या क्रमाने लावलेल्या नाहीत. 'इक्रा'ने सुरू होणारी सूरा ९६ वी आहे. नवा वाचक कुराण एखाद्या चरित्रासारखं पहिल्या पानापासून वाचायला घेतो आणि गोंधळतो. सुरुवातीची सात आयतांची फातिहा ओलांडली की थेट २८६ आयतांची बकरा सूरा समोर येते, आणि तिच्यात मदिनेच्या काळातले कायदे, मृत्युपत्र, कर्ज, रोजे असं सगळं आहे. मक्केच्या सुरुवातीच्या काळातल्या लहान, धारदार सूरा शेवटी आहेत. पहिल्यांदा वाचणाऱ्याने शेवटाकडून सुरुवात केली तर तो आवाज लवकर ओळखीचा होतो.

त्या लहान सूरांपैकी एक चार आयतांची आहे, इखलास. अल्लाह एक आहे, तो कोणावर अवलंबून नाही, त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि कोणी त्याला दिला नाही, त्याच्या तोडीचा कोणी नाही. हीच तौहीद, म्हणजे अल्लाहच्या एकत्वावरची निष्ठा. बाकीच्या श्रद्धा हिच्याच फांद्या आहेत. त्या एकाची आज्ञा वाहणारे देवदूत आहेत. त्याने वेळोवेळी दिलेले ग्रंथ आहेत, त्यांत तौरात (तोरा) आणि इंजीलही (शुभवर्तमान) येतात. आदमपासून नूह, इब्राहीम, मूसा, ईसा आणि शेवटी मुहम्मद अशी प्रेषितांची रांग आहे. हिशेबाचा शेवटचा दिवस आहे, आणि जे घडतं ते त्याच्या ज्ञानाबाहेर नाही ही तकदीर. ईसांना, म्हणजे येशूंना, इथे मोठा मान आहे. त्यांच्या आई मरियम यांच्या नावाची एक सूरा आहे. पण देवाचा पुत्र ही कल्पना नाही. मुहम्मदांना देवत्व देणंही तितकंच निषिद्ध.

मक्केतल्या कुरैशांना या चार आयतांत धोका दिसला तो धंद्याचाही होता. मूर्ती गेल्या तर यात्रा जाईल, यात्रा गेली तर बाजार. छळ सुरू झाला. ६१५ च्या सुमारास काही अनुयायी समुद्र ओलांडून हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे गेले, तिथल्या ख्रिस्ती राजाने आसरा दिला. ६१९ साली खदीजा आणि अबू तालिब दोघंही गेले आणि पैगंबरांचं मक्केतलं छत्र हरपलं. अखेर ६२२ साली जवळचे सहकारी अबू बकर यांच्यासोबत ते उत्तरेला यस्रिबला गेले. वाटेत तीन रात्री दोघे थौर नावाच्या डोंगराच्या गुहेत लपून होते. यस्रिबचं नाव पुढे मदिना झालं. ही हिजरत.

या हिजरतीला वर्षगणनेचा आरंभ मानायचं ठरलं ते सोळा-सतरा वर्षांनी, दुसरे खलीफा उमर यांच्या काळात. राज्य इराकपर्यंत पसरलं होतं, हुकूम जात होते आणि त्यांवर 'शाबान' एवढंच असे. कोणत्या वर्षाचा शाबान? सल्लामसलत झाली. जन्मापासून मोजावं का, पहिल्या आयतीपासून, की मृत्यूपासून, असे पर्याय पुढे आले. ठरली ती हिजरत. प्रत्यक्ष प्रवास रबीउलअव्वल महिन्यात झाला होता, पण वर्ष मुहर्रमपासूनच धरलं, म्हणून हिजरी सनाचा पहिला दिवस येतो १६ जुलै ६२२. एका व्यक्तीचा जन्म बाजूला ठेवून एका समाजाचा जन्म निवडला गेला, हा निर्णय मला फार मोठा वाटतो. उमर यांनी जी ठरवली तिचं अरबी नाव 'तारीख'. आपण रोज तीच लिहितो.

मक्का ६३० मध्ये जवळपास रक्त न सांडता हाती आली आणि काब्यातल्या मूर्ती काढल्या गेल्या. दोन वर्षांनी, हिजरी १० मध्ये, पैगंबरांनी त्यांची अखेरची हज यात्रा केली. त्या वेळच्या प्रवचनात जुनी खुनाची वैरं आणि व्याज रद्द केल्याचं त्यांनी सांगितलं. पत्नींशी नीट वागा, असं बजावलं. आणि त्यातच हे वाक्य होतं की काळ फिरून त्या रूपावर आला आहे ज्या रूपात अल्लाहने आकाश आणि पृथ्वी निर्मिली त्या दिवशी तो होता. वर्ष बारा महिन्यांचं, त्यांतले चार पवित्र. नवव्या सूरेत हेच आहे आणि नसीला तिथे कुफ्रात, म्हणजे अश्रद्धेत, घातलेली भर म्हटलं आहे. काळाची किल्ली किनानाच्या कमरेवरून काढून घेतली गेली.

मग ती कोणाला दिली? कोणालाच नाही. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, एक प्रसंग आहे. पैगंबर म्हणाले, आम्ही निरक्षर लोक, आम्ही लिहीत नाही, हिशेब करीत नाही. महिना असा, असा आणि असा. दोन्ही हातांची दहा बोटं तीनदा दाखवली आणि तिसऱ्या वेळी एक अंगठा मिटला. म्हणजे २९. पुन्हा तीनदा दाखवली, अंगठा न मिटता. म्हणजे ३०. कोर दिसली की रोजे धरा, कोर दिसली की सोडा, ढग असले तर तीस पुरे करा. एवढंच पंचांग. वाळवंटातल्या मेंढपाळाला आणि बगदादच्या ज्योतिषाला ते सारखंच वापरता येतं.

यातून पुढचा प्रश्न येतो तो साक्षीचा. एक बद्दू, म्हणजे वाळवंटातला भटका अरब, मदिनेत येऊन म्हणाला, मी चंद्र पाहिला. पैगंबरांनी त्याला खगोलाचं काही विचारलं नाही. अल्लाहशिवाय कोणी पूज्य नाही याची ग्वाही देतोस? हो. मुहम्मद त्याचा प्रेषित याची ग्वाही देतोस? हो. मग अजान देणाऱ्या बिलालना सांगितलं, लोकांना कळव, उद्यापासून रोजे. इस्लाममध्ये प्रवेश करताना जे म्हणतात त्याला शहादा म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थच साक्ष. चंद्राची साक्ष आणि श्रद्धेची साक्ष एकाच तोंडून घेतली गेली. दोन्हींत मध्ये कोणी पुरोहित नाही.

म्हणजे सगळं सरळ झालं असं नाही. कुरैब नावाचे गृहस्थ शामहून मदिनेला आले आणि म्हणाले, आम्ही तिथे शुक्रवारच्या रात्री चंद्र पाहिला. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास म्हणाले, आम्ही शनिवारच्या रात्री पाहिला, आम्ही तीस पुरे करू किंवा चंद्र पाहू. पैगंबरांनी आम्हाला असंच सांगितलं आहे. लांबच्या गावाचं दर्शन आपल्याला लागू की नाही, हा वाद तिथून आजवर चालू आहे. सौदी अरेबियात आज ईद आणि आपल्याकडे उद्या, असं वारंवार होतं त्याचं एक कारण खगोलातही आहे. अमावास्येचा क्षण सगळ्या जगाला एकच, पण सूर्यास्त मक्केत आपल्यापेक्षा दोनअडीच तासांनी होतो. तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून आणखी थोडा लांब सरकतो आणि कोर जराशी जाड होते. अमावास्येच्या क्षणापासून मोजता कोर पंधरा तासांहून कोवळी असेल तर नुसत्या डोळ्यांनी ती क्वचितच सापडते. चोवीस तास उलटले असतील तर सहसा दिसते.

सुन्नी धर्मशास्त्राच्या चार परंपरांपैकी हनफी रीतीत आकाश ढगाळ असेल तर रमजान सुरू करायला एका विश्वासू माणसाची साक्ष पुरते, पण ईदसाठी, म्हणजे रोजे थांबवायला, एकट्याची चालत नाही. उपासनेत शिरायचं दार रुंद, बाहेर पडायचं अरुंद. मुंबईतल्या दाऊदी बोहरा समाजाचा मार्ग आणखी वेगळा. ते इजिप्तच्या फातिमी खलीफांच्या काळापासूनचं ठरीव गणित मानतात. विषम क्रमांकाचे महिने ३० दिवसांचे, सम क्रमांकाचे २९ चे, ३० वर्षांत ११ लीप वर्षं. त्यामुळे त्यांचा रमजान, नववा महिना, नेहमी तीस दिवसांचा. एकाच शहरात एक-दोन दिवसांच्या अंतराने ईद साजरी होते ती यामुळे, आणि त्यात भांडण शोधण्याची गरज नाही.

महिने चंद्रावर आणि रोजची नमाज सूर्यावर. पहाटेची फज्र दोन रकात (म्हणजे नमाजची आवर्तनं), दुपारची जुहर चार, तिसऱ्या प्रहरची असर चार, सूर्यास्तानंतरची मगरिब तीन, रात्रीची इशा चार, अशा सतरा फर्ज, म्हणजे बंधनकारक, रकाती. वेळा घड्याळावर छापलेल्या दिसतात, पण मूळ माप सावलीचं आहे. सपाट जागी मीटरभर काठी उभी रोवा. सावली सर्वांत आखूड होऊन पुन्हा वाढू लागली की जुहर सुरू. तेव्हाची उरलेली सावली मोजून ठेवा. तिच्यात काठीच्या लांबीइतकी भर पडली की शाफई, मालिकी आणि हनबली या बाकीच्या तीन परंपरांच्या मतांनी असर सुरू होते. काठीच्या दुपटीइतकी भर पडली की हनफी मताने. महाराष्ट्रात हा फरक पुस्तकी नाही. रायगड-रत्नागिरीचे कोकणी मुसलमान शाफई आहेत, घाटावरचे बहुतेक हनफी. मेच्या मध्यावर मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दिवशी भर दुपारी काठीची सावलीच उरत नाही. तेव्हा शाफई असर साधारण पावणेचारला आणि हनफी पाचच्या सुमारास लागते. नेहमीची चूक होते ती दुपारची उरलेली सावली वजा न करण्याची. डिसेंबरात मुंबईत ती काठीच्या नऊ दशांशाइतकी असते, आणि ती धरून मोजलं तर असर भर दुपारीच लागल्यासारखी वाटेल.

सूर्याने वेळ मोजायची, पण सूर्यासाठी वाकायचं नाही, याची काळजी फार बारकाईने घेतलेली आहे. नेमका सूर्योदय, नेमका मध्यान्ह आणि नेमका सूर्यास्त या तीन क्षणी नमाज टाळतात. सूर्याला किंवा चंद्राला सजदा (जमिनीला कपाळ टेकून वंदन) करू नका, ज्याने त्यांना निर्मिलं त्याला करा, असं ४१ व्या सूरेत आहे. ६३२ च्या जानेवारीत पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला, त्याच दिवशी सूर्यग्रहण झालं. लोक म्हणाले, मुलासाठी सूर्य काळवंडला. दुःखात बुडालेल्या बापाने ती समजूत तिथल्या तिथे मोडली. सूर्य-चंद्र ही अल्लाहची चिन्हं आहेत, कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. इस्लामच्या आरंभकाळातला याहून प्रांजळ क्षण मला माहीत नाही.

काब्याबाबतही हाच विवेक आहे, आणि मराठी वाचकाच्या मनात इथे अनेकदा गैरसमज असतो. मदिनेत आल्यावर सोळा-सतरा महिने नमाज जेरुसलेमकडे तोंड करून होत असे, मग ती काब्याकडे वळली. त्याच बकरा सूरेत लगेच बजावलं आहे की पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करणं म्हणजे पुण्य नव्हे. काब्यातला काळा दगड चुंबताना उमर म्हणाले होते, तू दगड आहेस, ना नुकसान करू शकतोस ना फायदा. पैगंबरांना चुंबताना पाहिलं नसतं तर मीही चुंबलं नसतं. किब्ला म्हणजे सगळ्यांनी एकत्र वळण्याची दिशा. आपल्याकडे ती सरसकट पश्चिम मानतात, ते पूर्ण बरोबर नाही. नागपूर आणि मक्का जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, तरी पृथ्वी गोल असल्याने नागपूरहून किब्ला पश्चिमेपासून सुमारे ८ अंश उत्तरेला झुकतो, मुंबईहून सुमारे १०. मोबाइलमधलं होकायंत्र काँक्रीटमधल्या सळयांजवळ फसतं. खात्रीचा उपाय जुना आहे. दरवर्षी २८ मेच्या आसपास सूर्य काब्याच्या बरोबर डोक्यावर येतो, आपल्या घड्याळात तेव्हा दुपारचे २ वाजून ४८ मिनिटं झालेली असतात. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली पाहा. सावलीच्या टोकाकडून दोरीच्या पायथ्याकडे जाणारी रेघ म्हणजे किब्ला. जुलैच्या मध्यावर ही संधी पुन्हा येते, पण तेव्हा आपल्याकडे बहुधा सूर्यच दिसत नाही.

रोज्याची पहाट ओळखण्याचं मापही डोळ्यांचंच. पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा-प्या, असं कुराण म्हणतं. पैगंबरांचे एक सहकारी अदी बिन हातिम यांनी खरोखरच उशीखाली दोन धागे ठेवले आणि रात्रभर पाहत बसले. पैगंबरांनी सांगितलं, धागे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. त्यातही पहिला उभा, लांडग्याच्या शेपटीसारखा उजेड हा फसवा. क्षितिजावर आडवा पसरतो तो खरा. तिथून सूर्यास्तापर्यंत मुंबईत डिसेंबरात सुमारे सव्वाबारा तास भरतात, जूनमध्ये साडेचौदा. लंडनच्या जूनमध्ये अठरा तासांच्या पुढे, आणि तिथे रात्र पुरती काळी होतच नसल्याने पहाट कधी धरावी याचा अंदाज घ्यावा लागतो. अधिक महिना नसण्याचा न्याय इथे कळतो. रमजान ऋतूला बांधलेला असता तर एका गोलार्धाच्या वाट्याला कायम लांब दिवस आले असते आणि दुसऱ्याच्या वाट्याला कायम आखूड. फिरत्या महिन्यात ३३ वर्षांत सगळ्यांना सगळं मिळतं. आजारी, प्रवासी, गर्भवती यांना सूट आहे, राहिलेले रोजे नंतर भरून काढता येतात. विसरून खाल्लं तर रोजा मोडत नाही.

जकात हा शब्द आपल्याला नाक्यावरच्या कराचा म्हणून माहीत आहे. मूळ अर्थ शुद्धी आणि वाढ. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे ८७.४८ ग्रॅम किंवा ६१२.३६ ग्रॅम, एवढी मर्यादा ओलांडणारी संपत्ती चांद्र वर्षभर राहिली की तिचा चाळिसावा भाग देणं बंधनकारक. कोणाला, तेही ठरलेलं आहे. गरीब, कर्जात बुडालेले, वाटेत अडकलेले प्रवासी असे आठ वर्ग. आई-वडिलांना किंवा मुलांना दिली तर ती जकात होत नाही, त्यांना पोसणं हे कर्तव्यच आहे. हमखास होणारी चूक पुन्हा वर्षाचीच. ३१ मार्चच्या ताळेबंदावर अडीच टक्के काढले तर दर ३३ चांद्र वर्षांत एका वर्षाची जकात बुडते. म्हणून इंग्रजी वर्ष धरणाऱ्यांनी साधारण २.५८ टक्के धरावेत, असा हिशेब सांगितला जातो. शेतमालाला मात्र वर्षाची अट नाही, कापणीच्या दिवशीच द्यायचं. जिरायत पिकाचा दहावा भाग, मोटेने पाणी दिलेल्या बागायतीचा विसावा. ज्याने पाणी शेंदायचे कष्ट घेतले त्याला निम्मी सूट.

पीक चंद्राबरोबर सरकत नाही, ही अडचण मात्र राज्यकर्त्यांना सुटली नाही. दख्खनमध्ये हिजरी सनाने सारा वसूल करायचा तर काही वर्षांनी मागणी पेरणीआधीच येऊन उभी राही. म्हणून इथे शुहूर सन चालला. शुहूर म्हणजे महिने, 'शहर' या अरबी शब्दाचं अनेकवचन. आकड्यांची नावं अरबी, पण वर्ष मृगापासून सुरू होणारं सौर. पेशवाईतल्या कागदांवर 'इसन्ने सबैन मया व अलफ' दिसतं, ते दोन, सत्तर, शंभर आणि हजार. म्हणजे ११७२, म्हणजे इसवी १७७१-७२. मोडी वाचणाऱ्याला ही अरबी संख्यानामं पाठ करावीच लागतात.

पैगंबर जून ६३२ मध्ये गेले. उमर यांना ते मान्यच होईना. तेव्हा अबू बकर उभे राहून म्हणाले, जो मुहम्मदांची उपासना करत होता त्याने जाणावं की मुहम्मद वारले. जो अल्लाहची करत होता त्याने जाणावं की अल्लाह जिवंत आहे, त्याला मरण नाही. वारसा कोणाचा, यावरून पुढे शिया आणि सुन्नी अशी वाट दुभंगली, आणि हिजरी ६१ च्या दहाव्या मुहर्रमला, म्हणजे ऑक्टोबर ६८० मध्ये, करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले. आपल्या गावागावांतले ताबूत त्या दिवसाचे.

इस्लामी महिन्याच्या २९ तारखेला संध्याकाळी कोर शोधायची तर पश्चिमेचं मोकळं क्षितिज हवं. सूर्य पुरता मावळेपर्यंत पाहू नये, डोळे दिपतात. मावळल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, सूर्य जिथे बुडाला त्याच्या थोडं वर आणि थोडं बाजूला नजर फिरवावी. लोक फार उंच पाहतात आणि कोर खाली निघून जाते. शुक्राची चांदणी आणि विमानाची धुराची रेघ यांनी घाईत फसायला होतं. खऱ्या कोरीची फुगीर बाजू बुडालेल्या सूर्याकडे असते, टोकं विरुद्ध दिशेला. अवकाश फार थोडा असतो, कधी अर्धा तास, कधी त्याहून कमी. दिसली की एक छोटी दुआ म्हणतात. हा चंद्र आमच्यावर बरकत आणि ईमान, सलामती आणि इस्लाम घेऊन उगवू दे, एवढं अल्लाहकडे मागून झालं की शेवटचे शब्द चंद्राला उद्देशून असतात: 'रब्बी व रब्बुकल्लाह', माझा आणि तुझा पालनकर्ता अल्लाह.